न सापडलेलं नासकं अंडं

१

संध्याकाळी लाईट आली आणि उबवणी केंद्राच्या मालकांनी बॅटरीच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा कंदीलकाका उंबऱ्याशी पालथे पडले होते. अंगाखाली ॲसिडचं थारोळं होतं. सदऱ्याची पुढची बाजू विरून गेली होती. दोन बॅटऱ्यांपैकी एकीचं झाकण फुटून तिचे तुकडे छतापर्यंत उडाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई तिथे पोचल्या, तोवर प्रेत दवाखान्यात गेलं होतं, काकांचा जावई कोठडीत बसला होता आणि मालकांनी व्हरांडाभर सेंट मारून ठेवला होता.

फौजदारबाईंना वास येत नसे. एका तापात त्यांचं नाक जे मेलं ते मेलंच. घरात दूध करपलं तरी शेजारीण दार वाजवून सांगायची. कामावर मात्र त्या हवालदारांचं नाक वापरत. हवालदारांचं नाक मोठं होतं आणि कुरकुर त्याहून मोठी.

“काय येतंय?” बाईंनी विचारलं.

“आधी सेंट. मग फिनेल. त्याखाली नासकी अंडी.” हवालदारांनी रुमाल तोंडावर दाबला. “आणि त्याच्याही खाली जे येतंय ते विचारू नका. सकाळचा चहा वर येईल.”

“सेंट कोणी मारला?”

“मालकांनी. माणूस मेला तिथे सेंट मारणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय.”

प्रकरण तसं साहेबांनी मिटवूनच टाकलं होतं. इन्व्हर्टर बसवला काकांच्या जावयाने. तो धंद्याने वायरमन. त्याने बॅटरीची क्लिप ढिली ठेवली, ढिल्या क्लिपची ठिणगी पडली, बॅटरी उडाली, म्हातारा गेला. फुटलेल्या बॅटरीच्या क्लिपा निघालेल्या सापडल्या होत्या, म्हणजे पुरावाही तयार. “संध्याकाळी त्याला कोर्टापुढे उभं करायचंय,” साहेब म्हणाले होते. “तुम्ही फक्त जाऊन जागा बघून या. मालक आपल्या ओळखीचे आहेत, उगाच अंडी उकरत बसू नका.”

निघताना चौकीच्या पायरीवर वायरमनची बायको बसली होती. डोळे कोरडे, केस विस्कटलेले. ती बाईंना म्हणाली, “बाप तिकडे दवाखान्यात पडलाय, नवरा इकडे तुमच्या कोठडीत. मी रडू कोणासाठी, तेवढं सांगा म्हणजे सुरुवात करते.”

बाई जीपमध्ये चढल्या होत्या.

२

मालकांची कचेरी नवी कोरी होती. गुबगुबीत खुर्ची, काचेचं टेबल, भिंतीवर पिवळ्या पिल्लांचं भलंमोठं चित्र. मालक ढेरपोटे, गोरटेले, आणि दुःख दाखवायची त्यांना सवय नसावी, कारण ते मध्येच विसरत होते.

“काका म्हणजे घरचाच माणूस हो. अंडं दिव्यासमोर धरलं की आत जीव आहे की पाणी, एका नजरेत सांगायचे. म्हणून तर सगळे कंदीलकाका म्हणायचे. पण अलीकडे नजर गेली होती. वय झालं की माणसाने समजून घरी बसावं.”

“नजर गेली हे कशावरून?”

“वासावरून! गेला आठवडाभर केंद्रात नासक्या अंड्याचा वास. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून उभं राहतं, शोभतं का? काकांना म्हटलं, एक नासकं अंडं तुम्हाला सापडत नाही? सगळे ट्रे पुन्हा तपासायला लावले. पोरी रोज अंडी फेकत होत्या. तरी वास आहे तो आहेच.”

“फेकलेल्यातलं नासकं किती निघालं?”

मालकांनी हात उडवला. “ते कोण फोडून बघतं? संशय आला की फेकायचं. काकांनी मात्र वाद घातला. म्हणाले, माझ्या हाताखालून नासकं अंडं जात नाही, वास अंड्याचा नाहीच. आता ऐका! अंड्याच्या केंद्रात अंड्याचा वास नाही, तर काय गुलाबाचा?” ते स्वतःच हसले, मग हसू आवरून त्यांनी चेहरा लांब केला.

“हा वास तुमच्या कचेरीत येत होता?”

“यायचा. आता नाही येत.”

“का येत नाही?”

“बंदोबस्त केला.”

हवालदार तोवर खुर्चीवर चढून भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात नाक खुपसत होते. तिथल्या रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा होता. त्यांनी बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

“बाई,” ते वरूनच म्हणाले, “ही भिंत नाही. अंड्यांच्या ट्रेचे पुठ्ठे कोंबून वर रंग फासलाय. पलीकडे काय आहे?”

“बॅटरीची खोली,” मालक म्हणाले.

३

बॅटरीची खोली म्हणजे एक उभी बोळकंडी. एक दार, वर तो एकच झरोका, आणि तो पुठ्ठ्यांनी बुजवलेला. खाली लाकडी फळीवर दोन बॅटऱ्या, त्यांच्या वर भिंतीला इन्व्हर्टर. दाराबाहेर दोन हातांवर नळ आणि त्याखाली भरलेली बादली. बादलीकडे बघून बाई जरा थबकल्या, मग आत शिरल्या.

हवालदार दारातच उभे राहिले. “मी इथूनच वास घेतो.”

“घ्या. मी बघते.”

फुटलेल्या बॅटरीच्या दोन्ही क्लिपा काढून वायरीसकट भिंतीच्या खिळ्याला अडकवल्या होत्या, एकमेकींना लागणार नाहीत अशा. वाऱ्याने उडून कोणतीही वायर इतकी शहाण्यासारखी लटकत नाही. बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी बॅटरीवरचे शिशाचे दोन खुंट टॉर्चने पाहिले. सगळीकडे ॲसिडचा पांढुरका, खरखरीत थर बसला होता. दोन्ही खुंटांवर मात्र कमरेला एक लखलखीत पट्टा होता, जिथे क्लिप बसते नेमका तिथे.

“हवालदार, पावसात उभ्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ काढलं तर खालची कातडी कशी दिसते?”

“कोरडी.”

“तसंच आहे हे. ॲसिड उडालं तेव्हा क्लिपा खुंटांवर घट्ट बसलेल्या होत्या. ढिल्या असत्या तर आत ॲसिड शिरलं असतं. वायरमनच्या क्लिपची ठिणगी पडलीच नाही.”

“मग कशाची पडली?”

कोपऱ्यात, ओल्या चिखलासारख्या घाणीत, एक काडी पडली होती. काड्यापेटीतली. अर्धी जळलेली. बाईंनी ती चिमट्याने उचलली. मग बाहेर येऊन दाराशेजारचं दिव्याचं बटण बघितलं. ते चालू होतं. आतला दिवा आता लख्ख पेटला होता.

“बटण चालू, तरी काकांना काडी ओढावी लागली,” त्या म्हणाल्या. “म्हणजे काल दुपारी लाईट गेल्यावर हा दिवा इन्व्हर्टरवरही लागला नाही. का नाही लागला ते विचारायला हवं. पण ते नंतर.”

“आधी काय?”

बाई पुन्हा आत शिरल्या. फळीच्या कडेला पाना ठेवला होता, खिळ्यांच्या डब्याशेजारी, त्याच्या जागेवर. बाईंनी तो उलटा केला. दांडा पुसलेला, पण तोंडाच्या खाचेत पांढुरकं ॲसिड सुकलेलं.

“स्फोट झाल्यावर या पान्याने कोणीतरी क्लिपा सोडवल्या. वाट अडवून काका पडले होते उंबऱ्यात. म्हणजे तो माणूस त्यांना ओलांडून आत आला, काम केलं, पाना पुसून ठेवला, आणि पुन्हा त्यांना ओलांडून गेला.”

हवालदारांनी रुमाल नाकावरून काढला. वासाचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

४

कोठडीतला वायरमन उभा राहिला, पण बाईंकडे न बघता भिंतीकडे बघत बोलला.

“मी क्लिपा ढिल्या सोडत नाही, बाई. सासऱ्याच्या जागेत तर नाहीच.”

“ठाऊक आहे. बस. मला सांग, बॅटरीला नासक्या अंड्याचा वास येतो?”

त्याने मान वळवली. “येतो की. चार्जिंग जास्त झालं की बॅटरी उकळते. पाणी आटतं, गॅस सुटतो. एक गॅस घाण मारतो, डिट्टो नासकं अंडं. दुसऱ्याला वास नसतो, पण ठिणगी लागली की भडका. म्हणून झरोका ठेवायचा. म्हणून दिव्याचं बटण खोलीबाहेर बसवलं. म्हणून आत विडीकाडी नको म्हणून सांगितलं.”

“कोणाला सांगितलं?”

“मालक, त्यांच्या घरच्या ताई आणि मॅनेजर. तिघांना उभं करून. सासऱ्यांना नाही, ते त्या खोलीत कधी जायचेच नाहीत. शॉकला घाबरायचे.” त्याचा आवाज चिरकला. “आठवडाभर वास येतोय हे मला घरी त्यांच्याकडूनच कळलं. मी म्हटलं, बॅटरी बघतो. मॅनेजरने फाटकातून हाकललं. म्हणाला, तुला बोलावलंय का? उगाच कामं काढतोस. मग मी सासऱ्यांना म्हटलं, अंडी सोडा, बॅटरीच्या खोलीत वास घेऊन बघा. तेवढंच म्हटलं. काडी ओढू नका हे नाही म्हटलं. त्यांना अंडी कळायची हो, बॅटरी नाही.”

“तुझ्याकडून चार्जिंग जास्त कसं झालं?”

“माझ्याकडून नाही. इन्व्हर्टरच्या मागे बटण असतं. हळू आणि जोरात. मी हळूवर ठेवलं होतं. जोरात ठेवलं की बॅटरी लवकर भरते, पण भरल्यावरही रेटत राहते.”

बाईंनी ते बटण बघितलं होतं. ते जोरातवर होतं.

“एक बॅटरी फुटली तर इन्व्हर्टर चालतो?”

“धक्क्याने बंद पडतो. पण फुटलेलीच्या क्लिपा काढून बाजूला अडकवल्या आणि बटण दाबलं की दुसरीवर चालतो. आधी इन्व्हर्टर बंद आहे ना ते बघायचं, मग क्लिप काढायची. तेही तिघांना शिकवलंय. ताई सगळ्यात लवकर शिकल्या.” तो आता सरळ बाईंकडे बघत होता. “का विचारता? कोणी चालवला?”

बाई उठल्या. दाराशी फोन वाजला. दवाखान्यातले डॉक्टर होते. बाईंनी पाठ फिरवून त्यांचं ऐकून घेतलं.

“काय झालं?” वायरमनने विचारलं.

त्याला ते आत्ता सांगायची बाईंची हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले होते, माणूस लगेच मेला नव्हता.

५

मॅनेजर म्हणजे मालकांचा मेहुणा. ताडमाड उंच, हातात किल्ल्यांचा जुडगा, तोंडात सारखं “त्यात काय.” तो अंगणात लॉरीशेजारी सापडला.

“काल दुपारी लाईट गेली तेव्हा कुठे होता?”

“इथेच. क्रेट भरत होतो. चार हमाल होते, ड्रायव्हर होता, विचारा त्यांना. लॉरी सुरूच होती, कान बसले होते. एक ठप्प आवाज आला. मला वाटलं टायर फुटला. टायर बघितले, ठीक होते. त्यात काय.”

“आणि मालक?”

मॅनेजर हसला. “दाजी वीज कचेरीत भांडत होते, लाईट लवकर सोडा म्हणून. जनरेटर दुरुस्तीला गेलाय ना. अख्ख्या कचेरीने ऐकलं असेल. त्यांचा आवाज बघताय तुम्ही.”

“बॅटरीच्या खोलीतला दिवा इन्व्हर्टरवरून कोणी तोडला?”

हास्य मावळलं. “मीच. सगळेच दिवे तोडले. पिल्लं फुटायची वेळ आलेली, उबवायचं मशीन जास्त वेळ चाललं पाहिजे. अंधारात पाच मिनिटं बसलं तर कोणी मरतं का?” शब्द बाहेर पडल्यावर तो आपल्याच चपलांकडे बघू लागला.

“चार्जिंगचं बटण जोरातवर?”

“तेही मीच. लाईट सारखी जाते, बॅटरी भरायची कधी? ताई म्हणाली कर, केलं. त्यात...” वाक्य त्याने अर्धंच टाकलं.

“ठप्प आवाजानंतर काही ऐकलं?”

“घंटी वाजली. पिल्लांच्या मशीनला घंटी आहे. वीज तुटली की वाजते, तिला वेगळे सेल आहेत. मी निघालोच होतो बघायला, तेवढ्यात थांबली. म्हटलं ताईने बघितलं.”

“घंटी हाताने बंद करता येते?”

“नाही हो. हाताने बंद होणारी घंटी काय कामाची? पोरी कंटाळून बंद करतील. मशीनला वीज मिळाली की आपोआप थांबते.”

हवालदार हळूच म्हणाले, “आणि लाईट तर संध्याकाळी आली.”

मॅनेजर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला. “मग घंटी थांबली कशी?” त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचं तोंड उघडंच राहिलं.

६

पिल्लांच्या खोलीत नुसता चिवचिवाट होता. ट्रेमागून ट्रे, आणि प्रत्येकात पिवळे, ओलसर, अडखळणारे जीव. दाराशी खुंट्यांवर पांढरे सुती कोट टांगले होते. आत जायचं तर कोट घालायचा असा नियम. एक खुंटी मोकळी होती.

ताई म्हणजे मालकीणबाई. ठेंगणी, गोड आवाजाची, डोळे रडून सुजलेले. तिने दोघांना बसायला स्टुलं दिली आणि बशीत उकडलेली अंडी पुढे केली. “घ्या ना. सकाळपासून फिरताय.”

हवालदारांनी बशीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा हिरवट झाला. “उपास आहे,” ते म्हणाले.

“काका मला वडलांच्या जागी होते,” ताई म्हणाली. “काल जेवायला दिसले नाहीत तेव्हा वाटलं घरी गेले असतील. संध्याकाळी यांनी दार उघडलं तेव्हाच कळलं.” तिने पदर डोळ्यांना लावला. “एवढंच समाधान, की पिल्लं वाचली. एवढे जीव! गार पडली असती तर अंड्यातच गेली असती.”

“सगळी वेळेवर फुटली?”

“एकूण एक. दुपारभर मशीन जराही थांबलं नाही.”

“घंटी?”

“नाही वाजली. मी इथेच होते ना.” तिने एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने त्याची पाठ कुरवाळली. इतक्या हळू की बघणाऱ्याला तिचं कौतुक वाटावं.

बाईंनी दाराशेजारच्या मोकळ्या खुंटीकडे बघितलं.

“तुमचा कोट कुठाय, ताई?” त्यांनी विचारलं.

“धुवायला दिलाय. रोज धुतो आम्ही.” अंगठा थांबला नव्हता. “स्वच्छतेच्या बाबतीत मी फार कडक आहे.”

७

मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. त्यात एकच पांढरा कोट, आखूड, ठेंगण्या बाईच्या मापाचा. मालकांच्या पोटावर तो बसला नसता आणि मॅनेजरच्या गुडघ्यालाही पोचला नसता. लांबून तो धड दिसत होता. हवालदारांनी कडेला धरून ओढला आणि त्यांची बोटं आरपार गेली.

“अरेच्चा! कागदासारखा फाटला.”

“सुती कपड्यावर ॲसिड पडलं की लगेच कळत नाही,” बाई म्हणाल्या. “धुऊन वाळत घातला की भोकं पडतात.” त्यांनी कोट हातात घेतला, उलटसुलट केला, उन्हात धरला. कंदीलकाका अंडं धरत तसा.

त्यांनी सगळ्यांना बॅटरीच्या खोलीसमोर बोलावलं. मालक, मॅनेजर, ताई. वायरमनला हवालदार घेऊन आले, त्याच्यामागून त्याची बायकोही आली. तिला कोणी अडवलं नाही.

“मला वास येत नाही,” बाईंनी सुरुवात केली, “म्हणून मला विचारावं लागलं. तुम्ही सगळे दिवसभर अंड्यांत राहता. नासका वास आला की तुम्ही अंडंच शोधणार. दुसरीकडे कुठे आला असता तर एखाद्याने इन्व्हर्टर तरी बघितला असता. इथे आठवडाभर चांगली अंडी उकिरड्यावर गेली आणि बॅटरी उकळत राहिली. वास अंड्याचा नाही, हे एकटे काका म्हणाले. तर त्यांनाच आंधळं ठरवलंत.”

वायरमनच्या बायकोने तोंडात पदर धरला.

“यांनी बॅटरी लवकर भरावी म्हणून बटण जोरातवर टाकलं.” मॅनेजरने मान खाली घातली. “मालकांच्या कचेरीत वास येतो म्हणून त्यांनी झरोका बुजवला. गॅस आत कोंडला. लाईट गेली, दिवे तोडलेले. काका आपला शब्द खरा करायला त्या खोलीत गेले, जिथे ते कधी पाऊल ठेवत नसत. दिसेना म्हणून काडी ओढली. भडका उडाला. इथवरचा हलगर्जीपणा तुम्हा दोघांचा. क्लिपा घट्ट होत्या. वायरमन सुटला.”

“मग संपलंच की,” मालक घाईने म्हणाले. “अपघात. आम्ही काकांच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडणार नाही.”

“संपलं नाही. स्फोटाने मशीन थांबलं, घंटी वाजली. थोड्याच वेळात ती थांबली, म्हणजे कोणीतरी आत येऊन फुटलेल्या बॅटरीच्या क्लिपा काढल्या आणि इन्व्हर्टर सुरू केला. हे तिघांनाच येतं. मालक वीज कचेरीत ओरडत होते, अख्ख्या कचेरीने ऐकलंय, मी विचारून घेतलं. मॅनेजर हमालांसमोर टायर बघत होते.”

“ताई?” मॅनेजर म्हणाला. फक्त तेवढंच.

ताईने डोळे पुसले. आवाज तसाच गोड होता. “बरं, मी केलं सुरू. पिल्लांसाठी केलं. काका गेलेच होते, बाई. मी बघितलं ना. मेलेल्या माणसासाठी जिवंत पिल्लं मारायची होती का?”

बाईंनी कोट उलगडला.

“गुडघ्यांवर भोकं आहेत, बाह्यांवर आहेत. छातीवर एकही नाही. म्हणजे स्फोटाच्या वेळी हा कोट आत नव्हता, नंतर आला आणि ॲसिडमध्ये गुडघे टेकून बसला. ते ठीक, ते तुम्ही आत्ता कबूल केलंत. पण हे इथे खाली बघा, कडेला.”

कोटाच्या खालच्या कडेला चार भोकं होती. एका ओळीत, एकमेकांना लागून, लांबट. बाईंनी कड उलटी केली. मागच्या बाजूला पाचवं भोक होतं, आखूड आणि रुंद.

कोणालाच समजलं नाही. मग वायरमनची बायको पुढे आली. तिने आपला हात त्या भोकांवर ठेवला. चार बोटं पुढून, अंगठा मागून. हात तिथेच ठेवून तिने वर बघितलं.

“माझ्या बापाचा हात,” ती म्हणाली.

“मेलेला माणूस कोट धरत नाही,” फौजदारबाई म्हणाल्या. “ते जिवंत होते. डॉक्टरही तेच म्हणतात. ॲसिडवर लगेच भरपूर पाणी ओतलं असतं, मोकळ्या हवेत आणलं असतं, तर बहुतेक वाचले असते. पाणी इथे होतं.” त्यांनी नळाखालच्या बादलीकडे बोट दाखवलं. ती अजून भरलेलीच होती. “तुम्ही ती बोटं सोडवलीत, ताई. मग पाना पुसलात, दार लावलंत आणि कोट धुवायला टाकलात.”

“माणसं बोलावली असती तर दार उघडं राहिलं असतं, धावपळ झाली असती,” ताई म्हणाली. ती आता रडत नव्हती. समजूत काढल्यासारखी बोलत होती, जणू बाकीच्यांनाच हिशेब कळत नाही. “मला घंटी थांबवायची होती. म्हातारा तसाही आज ना उद्या... आणि एवढे जीव होते आत, एवढे जीव!”

मॅनेजर भिंतीकडे तोंड करून ओकला. मालकांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्यावर सेंट होता, आणि नाकाला लावून ते चार पावलं मागे सरले. आपल्या बायकोपासून की मेहुण्याच्या ओकारीपासून, ते सांगणं कठीण होतं.

ताईला जीपमध्ये बसवताना तिने एकदा मागे वळून सांगितलं, “संध्याकाळी पिल्लांचं पाणी बदला.”

वायरमनची बायको बादलीजवळ गेली. तिने ती उचलली आणि काका पडले होते त्या उंबऱ्यावर सगळं पाणी ओतलं. मग नळ सोडला, बादली भरली, पुन्हा ओतली. आता तिला रडू फुटलं होतं. नवरा तिच्या हातातून बादली घ्यायला गेला, तिने दिली नाही. मग तोही तिच्या शेजारी उभा राहून नळ सोडू लागला.

हवालदारांनी खोलीत जाऊन झरोक्यातले पुठ्ठे ओढून काढले. बाहेर आले, नाक वर करून हुंगलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“गेला वास,” ते म्हणाले. “बाई, खरंच गेला. आता काहीच येत नाही.”

फौजदारबाईंनी जीपकडे बघितलं. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकावर घट्ट धरला, आणि चौकी येईपर्यंत काढला नाही.